मंद्रूपच्या चन्नम्माचे सहा तास

मंद्रूपच्या चन्नम्माशी वाद घालायचा नाही, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. आठवडी बाजारात कडक भाकरी नि शेंगाचटणी विकणारी बाई. एका गिऱ्हाइकानं "भाकरी जाड झाली" म्हटलं, तर तिनं त्याच्या आजीपर्यंतचं सगळं काढलं. पण तिचा खरा राग पोटच्या पोरावर, अमेरिकेतल्या महेश्वरवर.

चार वर्षांपूर्वी नवरा सकाळीच गेला. पोराला फोन केला, "निघतो" म्हणाला. लिंगायताची माती म्हणजे बसवूनच पुरायचं. आंघोळ घालून, भस्म लावून म्हाताऱ्याला भिंतीशी बसवलं. बसवलेला देह फार वेळ ठेवता येत नाही. पण चन्नम्मानं पोराच्या पहिल्या तिकिटाची झेरॉक्स बाहेर काढली. रात्री दीडला मुंबई, सकाळी साडेसातला न्यूयॉर्क.

"सा तास! एष्टीनं पुण्याला जायाला बी सा तासच लागत्यात की. पोरगं आल्याबिगर माती न्हाय!"

भावकी बोंबलली, मठातल्या अय्यांनी, म्हणजे पुजाऱ्यांनी, समजावलं, बाई हटली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हाताऱ्याची मान कलली, तेव्हा दिरानं तिला बाजूला ओढलं आणि माती दिली.

महेश्वर आला तिसऱ्या दिवशी. ही दारात उभी. "सा तासाच्या वाटंला तीन दिस? बायकोला इचारत बसला हुतास व्हय रं?" तो घड्याळाचं काहीतरी सांगू लागला, पण समोरच्याला वाक्य पुरं करू दिलं तर ती चन्नम्मा कसली! उंबरा काही त्याला ओलांडू दिला नाही. वर भावकीला बजावलं, "माज्या मातीला त्याला बोलवाल तर याद राखा!"

परवा भावाची लेक दानेश्वरी लग्नाची पत्रिका घेऊन आली. शाळेत भूगोल शिकवते ती. महेशदादा येणार म्हणाली.

"मग मी येत न्हाय," म्हणत चन्नम्मानं तीच झेरॉक्स तिच्या अंगावर फेकली.

दानेश्वरीनं ती वाचली आणि कपाळावर हात मारला. "अगं आत्ती, तिकिटावर ज्या त्या गावची वेळ असते. आपल्याकडं दुपारचे बारा, तवा तिकडं रात्रीचे अडीच. त्यांचं घड्याळ साडेनऊ तास मागं. सहात साडेनऊ मिळव. साडेपंधरा तास नुसतं विमानात! साडेबारा हजार किलोमीटर हाय ते. वर तिकीट मिळायला पायजे, मुंबईवरनं हितं यायला पायजे. दादा फोन आला त्याच दिवशी निघाला हुता."

चन्नम्मानं बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. मग उसळली, "मग चार वर्सं तू कुटं मेली हुतीस, टवळे?"

"दोनदा सांगाय आले. तूच दार लावून घेतलंस."

चन्नम्माचे डोळे भरले, तर त्यांच्यावरही चिडून तिनं ते पदरानं खसाखसा पुसले.

"माज्या दिराला जाऊन सांग," ती गुरकावली. "माज्या येळंला मला दोन दिस बसवून ठिवायचं. मान पडली तर दोरीनं बांदा. त्यो वाटंत असंल."