बसूनं वाद घातला नाही

हुबळी स्टेशनवर माझी गाडी लागली तरी बसू आणि सुमाक्का भांडतच होते. शेवटी आई म्हणाली, "अरे, तिला निरोप तरी द्या!"

भांडण खेळावरून होतं. धारवाडच्या मळमड्डीत माझी चुलत बहीण सुमाक्का राहायची. तिच्या घरी दर रविवारी आम्ही फासे टाकून लढाया खेळायचो. गोष्ट ती रचायची, राक्षस ती उभे करायची, निवाडाही तिचाच. शेजारच्या बसूचं पात्र अर्धं योद्धा, अर्धं मांत्रिक. त्यानं माझ्यावर रक्षणाचा मंत्र धरला होता आणि वर त्याला योद्ध्याचा संतापही अंगात आणायचा होता. सुमाक्का म्हणाली, "संतापलास की मंत्र सुटला." बसू उसळला, "आगंगिल्ला! मुळीच चालणार नाही. आधीच म्हटलेला मंत्र सुटेल कसा?" गाडी हलली तेव्हा तो खिडकीबरोबर पळत विचारत होता, "नंदा, तूच सांग, कुणाचं बरोबर?"

नोकरीसाठी रॉटरडॅमला आले. इथंही मला खेळणारे भेटले. नियम अडला की कुणीतरी फोनवर शोधतं, दोन ओळी वाचतं, सगळे माना डोलावतात. सुमाक्काचं बरोबर होतं, हे मला इथं कळलं. कळवायचं राहून गेलं. तिची बदली झाली, बसूचे अप्पा आजारी पडले, माझ्या नोकरीच्या वेळा उलट्यापालट्या. रविवार मोडले ते मोडलेच.

गेल्या उन्हाळ्यात धारवाडला गेले. सुमाक्का कलघटगीहून मुद्दाम आली, बसू हुबळीच्या कोप्पीकर रोडवरचं दुकान लवकर बंद करून. मला खुर्ची दिली, ते दोघं सतरंजीवर बसले. लढाई रंगेना. मग मी मुद्दाम म्हटलं, "एकच आशीर्वादाचा मंत्र दोघांनी म्हटला, तर फायदा दुप्पट." साफ खोटं. तोच मंत्र दोनदा पडला तरी एकदाच धरतात, हे मला बसूनंच शिकवलं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले.

"असेल," तो म्हणाला. "तू तिकडं खेळतीस. तुला जास्त ठाऊक."

"धरू या दुप्पट," सुमाक्का म्हणाली आणि माझ्यापुढं चुरमुऱ्यांच्या गिरमिटाची बशी सरकवली.

"चूक आहे रे ते! भांड की माझ्याशी!"

दोघंही हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय. राक्षस लगेच मेला, आणि सुमाक्का शेवटच्या बसची वेळ बघू लागली.

कुणी घर कुठं विचारलं, तर मी अजून धारवाडच सांगते. पण बसू, सुमाक्का, इथं माझी चूक फोन दाखवतो, आणि तिथं आता ती कुणी दाखवत नाही.