थांबलं तर सांग

ताई कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायची, गणितातलं. धाकटी घरी कपडे शिवायची. आतल्या खोलीत ताईचा जुना कॉम्प्युटर कायम घरघरत असायचा आणि तो बंद करायचा नाही, हा घरचा कायदा. सकाळी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवल्याशिवाय ताई चहाला शिवायची नाही. कुणी हसलं की धाकटी त्याला सरळ दार दाखवायची.

सगळं गणित ज्यांच्यावर उभं, ते संचांचे नियम ताईनं त्याला दिले होते. त्यांतून एकेक सिद्धता काढत जायची आणि एखादी गोष्ट खरीही निघाली, खोटीही निघाली, की थांबायचं. तो थांबला की ताईचं आयुष्यभराचं काम पाण्यात.

"आणि नाहीच थांबला तर?" धाकटीनं एकदा विचारलं होतं.

"तर त्या नियमांनी चालणारं जग असतंच. एक नाही, कितीतरी. एकाच घरातल्या तीन खोल्या समज: सिद्धतेची, यंत्राची, जगांची. भिंती वेगळ्या गं, पण दारं एकमेकींत उघडतात."

मग तो थांबणार नाही हे सिद्ध करून टाक आणि सुट एकदाची, असं धाकटी म्हणाली. ताई म्हणाली, नियम धड असतील तर त्याच नियमांनी ते सिद्ध होत नाही. धाकटीनं कपाळावर हात मारला.

एका दुपारी घरघर थांबली.

ताई पांढरीफटक. खुर्चीतून उठवेना. "तूच बघ. थांबलं असेल तर सांग."

धाकटी आत गेली. पडद्यावर ओळी पळतच होत्या. नुसता पंखा अडकला होता, त्याच्या जाळीत दोरा गुंतला होता. आपलाच कचरा, म्हणत तिनं टोक धरून ओढलं. पंखा फिरला, घरघर सुरू झाली. बाहेर ताईचा हुंदका ऐकू आला.

दोरा मात्र संपेना. पंख्याशेजारच्या फटीतून येतच राहिला. रंग मोहरीसारखा पिवळा. धाकटीला आपली रिळं तोंडपाठ होती, हा रंग तिनं कधी आणलाच नव्हता. एक रिकामं रीळ भरलं, दुसरं भरत आलं. एवढा दोरा त्या डब्यात मावणार कुठे? मागे तर भिंत. तो कापायला तिनं कात्री उचलली.

तेवढ्यात फटीच्या पलीकडून कुणीतरी दोरा हलकेच ओढला. शिवताना अडकला की ती स्वतः ओढायची, अगदी तसाच.

"काय गं, थांबलं का?" बाहेरून ताई.

"नाही," धाकटी म्हणाली, आणि कात्री खाली ठेवली.