दाढीचं मशीन आणि अर्धा कप चहा

गेल्या शनिवारी सकाळी धायरीत आमच्या सोसायटीच्या गेटपाशी मला न्यायला एक गाडी येऊन उभी राहिली. तीही फुकट... माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

झालं असं, की आमच्या लेकीनं, प्राचीनं, परस्पर माझं नाव देऊन टाकलं होतं. बाणेरच्या एका ऑफिसात जाऊन दाढीचं नवीन मशीन वापरायचं आणि ते वापरायला सोपं आहे का ते सांगायचं. "बाबा, ते काही विकणार नाहीत," असं तिनं न विचारता दोनदा सांगितलं. म्हणजे नक्की विकणार. मी पाकीट घरीच ठेवलं.

पण खरी धास्ती वेगळीच होती. वर्षभरापासून माझा उजवा हात थरथरतो. घरात कुणाला पत्ता नाही, असा माझा समज. बाथरूमचं दार लावून दाढी करायची, कापलं की तुरटी फिरवायची... तिथे चारचौघांत हात उघडा पडला, तर उद्यापासून माझी दाढी करायला घरी माणूस येणार. मला ते नको होतं.

ऑफिसात माझ्याच वयाचे आणखी तिघेजण बसले होते. एका मुलीनं मगातून चहा आणून दिला. मग हा भला मोठा, आणि चहा निम्मा! एवढं चकचकीत ऑफिस, आणि काटकसर चहात... आमच्याकडे बायकोही हल्ली हेच करते. पुन्हा मागितला तर देते, पण पुन्हा अर्धाच. ही युक्ती शुगरसाठी असणार, असं मी धरून चाललो होतो.

मग आत नेलं. बेसिन, आरसा आणि दोन कॅमेरे. एक चेहऱ्यावर, ठीक आहे. दुसरा थेट हातावर कशाला?

"काका, परीक्षा तुमची नाही, मशीनची आहे," ती मुलगी म्हणाली. असं म्हणणारे लोक परीक्षाच घेतात, हा माझा नोकरीतला अनुभव. म्हणून मीच आधी मशीनवर घसरलो. बटण गुळगुळीत, बोट सटकतं. झाकण इतकं घट्ट, की उघडायला शेजाऱ्यांना हाक मारायची का? ती खरंच सगळं टिपून घेत होती... वर "थँक यू" म्हणत होती!

शेवटी मशीन गालाला लावलं. हात थरथरला, लपवायला जागाच नव्हती. पण मशीनची मूठ जाड होती, नीट धरता आली, आणि कुठे कापलं नाही. मुलीचं लक्ष मशीनवरच होतं.

बाहेर आलो, तर समोरचे गृहस्थ चहा पीत होते. त्यांचाही मग थरथरत होता... शेजारच्यांचाही. पण एक थेंब कुणाच्या शर्टावर नाही. कारण प्रत्येक मग अर्धाच भरलेला होता.

मी तिथेच खुर्चीत बसलो. प्राचीनं माझंच नाव का दिलं ते कळलं. आणि घरचा अर्धा कपही कळला. किती महिने बायको मला दोनदा अर्धा अर्धा चहा देतेय, आणि एका शब्दानं बोलली नाही.

मशीन कुणी विकलं नाही. उलट मीच विचारलं, कधी मिळेल? म्हणाले, अजून सांगता येत नाही. पाकीटही घरीच होतं म्हणा...

रविवारी जुन्याच रेझरनं दाढी केली. बाथरूमचं दार मात्र उघडं ठेवलं. ही जाता जाता थांबली, नीट बघितलं आणि म्हणाली, "अहो, डाव्या कानाखाली राहिलीये."

रेझर तिच्या हातात दिला.