समुद्राचा निरोप

"वाचून झालं? आता कागद उलटा ठेव अन् मले सांग, काय समजलं."

आमच्या मॅडमचं हे रोजचं वाक्य. सांगणारा अडखळला की त्या कागद सरळ फाडायच्या, आणि तो बहुतेक वेळा मी लिहिलेला असायचा. मला भयंकर राग यायचा. अजूनही येतो, फक्त त्यांचा येत नाही.

वर्ध्याला बसून आम्ही समुद्र-संशोधन लोकांपर्यंत कसं न्यायचं याचा आराखडा करायचो. हसा, सगळेच हसतात. बंगालच्या उपसागरात शास्त्रज्ञांनी तरंगती यंत्रं सोडली होती आणि त्यांवरून इकडच्या पावसाचा अंदाज बांधायचा प्रयोग चालला होता. तो शेतकऱ्यांना कोणत्या शब्दांत सांगायचा हे मॅडम ठरवायच्या, मी लिहायचो.

मॅडम देवळीच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. वरच्या साहेबांनी गुळगुळीत पुस्तिका काढायची म्हटलं, तर भर बैठकीत म्हणाल्या, "कोनासाठी छापून राह्यले हे? शेतकऱ्याले फुरसत नाई. फोटोसाठी छापता काय?" साहेबांचं तोंड एवढंसं झालं.

त्या प्रत्येक मजकूर अल्लीपूरला एका शेतकरी मावशीच्या अंगणात नेऊन वाचायच्या. मावशीला अक्षरओळख जेमतेम. तिनं तो आपल्या शब्दांत बरोबर सांगितला, तरच पास.

जूनच्या निरोपात मॅडमनी शेवटी लिहिलं होतं, 'हा प्रयोग आहे. अंदाज चुकू शकतो. एवढ्यावर पेरू नका.' त्या रजेवर गेल्या आणि साहेबांचा फोन आला, "ती ओळ काढा. आपणच आपल्यावर शंका घ्यायची का?" मी काढली. मॅडमना साधं विचारलंही नाही.

निरोप फोनवर गेला, गावात दवंडी झाली. लोकांनी पेरलं, मावशीनंही. पाऊस आलाच नाही, बियाणं मातीतच करपलं.

मॅडम परतल्या. "ओळ कोनं काढली?"

"साहेबांनी सांगितलं होतं."

"मी हात कोनाचा ते इचारून राह्यली."

मी खाली पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच अल्लीपूरला गेल्या. महिन्याभरात त्यांचं कंत्राट संपवलं. साहेबांना बढती मिळाली. चीड येते म्हणून काय उपयोग, पगार मीही घेतच राहिलो.

यंदा नवा आराखडा घेऊन मी मावशीकडे गेलो. तिनं चहा केला.

"तुमच्या मॅडम आलत्या त्या वर्षी," ती म्हणाली. "म्हने, मावशी, ते ओळ माह्याच हातानं सुटली, माफ करजा. मी लय बोलली त्याइले. नाई नाई ते बोलली. खाली मान घालून ऐकून घेतलं त्याइनं. मंग कधी आल्याच नाई. माह्यं चुकलं काय, सर?"

"नाही मावशी," मी म्हणालो, "तुमचं काही चुकलं नाही."

आणि चहा संपवून मी नवा कागद काढला.