सातवा गाळा माझा

हडपसरच्या भाजी मंडईत मैनाबाई पन्नास वर्षं मेथी-कोथिंबीर विकत बसल्या, तेही जमिनीवर, गोणपाट अंथरून. पण तोरा असा, की मागचं अख्खं दुकान जणू त्यांचंच! त्याला कारण होतं वडिलांचं शेवटचं पोस्टकार्ड. वडील सीताराम रेल्वेच्या पुलांच्या कामावर मुकादम होते. मैनाबाई अकरा वर्षांच्या असताना ते कार्ड आलं. त्यावर दोनच वाक्यं: 'सातवा गाळा माझा. काळजी नसावी.' पुढच्याच महिन्यात ते परगावी तापाने गेले.

आता गाळा म्हटल्यावर हडपसरच्या माणसाला दुकानाशिवाय दुसरं काय सुचणार? नवी मंडई झाली, मैनाबाई विचारून आल्या, सात नंबर कुणाच्या नावावर? एखादं व्यापारी संकुल उभं राहिलं की पुन्हा चौकशी. धाकटा भाऊ मच्छिंद्र पुढे बिल्डर झाला, त्याने स्वतःच ढिगाने गाळे बांधून विकले. तो म्हणायचा, "आक्का, आबांनी थाप मारली. गाळा न् बिळा काय न्हाय." मग मैनाबाई आठ-आठ दिवस त्याच्याशी अबोला धरायच्या. आपला बाप खोटं बोलला, हे काही केल्या त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

आणि यंदाच्या एप्रिलात सीतारामांचं घर शोधत श्यामलाबाई येऊन थडकल्या! सदाशिव पेठेतल्या, रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या. भीमा जिथे महाराष्ट्र आणि कर्नाटकाची हद्द होते, तिथल्या जुन्या रेल्वेपुलाचा इतिहास लिहायचं त्यांना वेड. कार्ड वाचलं आणि त्या ताडकन उठल्याच.

"अहो मैनाबाई, पुलाच्या दोन खांबांमधल्या भागालाही गाळाच म्हणतात! पन्नास वर्षं मंडईत काय शोधत बसलात? नदीत शोधायचंत!"

त्यांनी दुरुस्तीच्या जुन्या वहीतलं पान पुढे केलं. पुरात खचलेला सातवा गाळा नव्याने बसवला होता सीतारामांच्या टोळीने. त्या टोळ्यांची एक रीत होती. पहिली आगगाडी पुलावरून जाताना गाळ्याच्या मुकादमाने कामाची हमी म्हणून त्याच्याखाली उभं राहायचं. 'गाळा माझा' म्हणजे, खाली मी उभा राहणार.

"राहिले उभे. इथे लिहिलंय," श्यामलाबाई म्हणाल्या. "बरोबर मधला गाळा. ना महाराष्ट्राचा, ना कर्नाटकाचा. आता सातबारा हवा असेल तर तेवढा मागू नका."

मैनाबाई हसत होत्या आणि डोळ्यांना धार लागली होती. आबा खरं बोलले होते! पण त्या पुलावरून दुसऱ्याच दिवशी शेवटची गाडी जाणार होती; शेजारी नवा पूल तयार होता.

"मच्छिंद्रा, मोटार काढ!"

मोटार सुटली ती थेट नदीवर. भीमेच्या पात्रात नुसती वाळू. दोन्ही तीरांवरची माणसं जमलेली, मराठी काय नि कानडी काय, एकच गलका. पूल तेरा गाळ्यांचा, इकडून मोजा की तिकडून, सातवा तो सातवाच. मैनाबाई लुगड्याचा काष्टा सावरत तरातरा निघाल्या आणि त्याच्याखाली जाऊन उभ्या राहिल्या.

इंजिनाची शिटी वाजली. मच्छिंद्र ओरडला, "आक्का, जुना पूल हाय, बाजूला हो!"

"बापाचा हाय! मी न्हाय हलायची!"

गाडी आली. डोक्यावर धडधडाट, गंजाचा भुगा, पायाखालची वाळू थरथरते आहे. मैनाबाई वर तोंड करून लहान पोरीसारख्या "आबा! आबा!" म्हणून ओरडत होत्या. अर्धी गाडी जाते न जाते तोच त्यांच्या शेजारी कुणीतरी धापा टाकत येऊन उभं राहिलं. मच्छिंद्र होता. गाडी पार गेली तरी तो वरचे रिव्हेट एकेक करून पाहत होता, सराईत बिल्डरच्या नजरेने.

"आक्का," तो म्हणाला, "मी दोनशे गाळे बांधले. एकाच्या बी खाली असा उभा ऱ्हायलो नसतो."