ग्रीक कुणाच्या घरचं

बाईंनी माझ्या मुलीचं चित्र दोन बोटांनी माझ्याकडे सरकवलं. खरकटं ताट सरकवावं तसं.

चित्रात ग्रीक देवी होती. लाल वस्त्र, निळी किनार, पिवळे केस. ते पांढरेशुभ्र पुतळे मुळात असे रंगवलेले होते, रंग नंतर उडाला, हे मुलीने पुस्तकात वाचलं होतं. वर्गात त्यावर ती दहा मिनिटं बोललीही होती.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "पण हे तुमच्या देवळातलं वाटतं. आमचे ग्रीक असे नाहीत."

आमचे. बाई इथल्याच, नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावच्या. त्यांच्या पूर्वजांनी पाणी उपसून, बांध घालून ही जमीन कोरडी केली. ग्रीसला उन्हाळ्यात फक्त पोहायला जातात. तरी ग्रीक यांचे.

प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षी इथे शिक्षक सांगतात, मूल पुढे कुठल्या शाळेत जाईल. मुलासमोरच सांगतात. मुलीचे गुण सगळ्यांत वरचे होते. तिला जिम्नॅसियम हवं होतं, म्हणजे ग्रीक आणि लॅटिन शिकवणारी शाळा. बाई म्हणाल्या, गणित चांगलं आहे, तांत्रिक शाळेत घाला, तुमच्या लोकांना ते जमतं. ग्रीक हे आमच्या संस्कृतीचं मूळ. ज्यांच्या घरात ते आहे त्यांना सोपं जातं.

मी काय केलं? मान डोलावली. थँक्यू म्हणाले.

ही मान माझ्या जुन्या ओळखीची. सातवीत मी पहिली आले होते. आठवीला संस्कृत मागितलं. सरांनी माझं आडनाव वाचलं. पुन्हा वाचलं. "तुला कशाला? आमच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. तू हिंदी घे." मी हो सर म्हणाले. वर पाया पडायला वाकले. आमच्या वस्तीत तशीच शिकवण होती, थोबाडीत खाल्ली तरी उपकार मानायचे. मी वाकले आणि सरांनी पाय मागे घेतला. आज लायडनच्या प्रयोगशाळेत काम करते, पण तो मागे सरकलेला पाय आठवला की अजून किळस येते.

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला मराठी कळतं, पण उत्तर नेहमी डचमध्ये देते. त्या दिवशी मराठीत म्हणाली, "आई, तू थँक्यू का म्हणालीस?"

बाईंची किळस आली, सरांची आली. सगळ्यांत जास्त माझी.

मोडक्यातोडक्या डचमध्ये मी विचारलं, "तुमच्या घरात ग्रीक कुणाला येतं?"

बाई हसल्या. मग हसू विरलं. म्हणाल्या, प्रश्न भाषेचा नाही, वारशाचा आहे. त्यांना एक ग्रीक अक्षर येत नव्हतं. सरांना निदान संस्कृतची रूपं तरी पाठ होती.

"माझं थँक्यू मी परत घेते," मी म्हणाले. "शिफारशीत जिम्नॅसियम लिहा."

त्यांनी पेन उचललं नाही. मी खुर्ची सोडली नाही. बाहेर पुढच्या मुलाचे आईबाप ताटकळत होते. त्यांना ताटकळू दिलं. शेवटी बाईंनी लिहिलं. माझ्याकडे न बघता.

चित्र आता आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. मुलगी ग्रीक शिकेल. तिच्या शेजारी बसून मी संस्कृत शिकणार आहे, या वयात. भक्तीने नाही. माझ्यापासून काय लपवून ठेवलं होतं ते ओळीओळीने तपासायला. पाया पडणार नाही. सरांच्या नाही, ग्रीकांच्या नाही, कुणाच्याच नाही.