चहा माझा, नाक तुझं

गॅसला आमच्या काकांइतका जपणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि गंमत अशी की या माणसाला गॅसचा वास येतच नाही. गॅसचाच कशाला, मोगऱ्याचा, सुकटीचा, करपलेल्या दुधाचा, कसलाच येत नाही. कॉलेजात असताना त्यांना टायफॉइड झालेला, तो ताप गेला तो जाताना नाकातली अक्कल घेऊन गेला. काका म्हणजे माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान. ठाण्याला सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले, आणि डोंबिवलीत आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहणारे. माणसं भेटली की एकमेकांना जयभीम घालतात, बरंय का विचारतात. काकाही जयभीम घालतात आणि त्याच श्वासात विचारतात, "काही वास येतोय का?" नवखा माणूस बिचारा गुपचूप स्वतःचाच शर्ट हुंगून बघतो.

त्यांची माझी पहिली भेट मुलगी बघायच्या कार्यक्रमात झाली. कार्यक्रम त्यांच्याच घरी होता. पोहे झाले, मुलगी बघून झाली, आणि काका मला म्हणाले, "जरा आत या." मला वाटलं, आता पगार विचारणार, नाहीतर घेता का म्हणून विचारणार. त्यांनी मला थेट सिलेंडरपुढे नेऊन उभं केलं. "वाका आणि सांगा, कसला वास येतोय." नवी पँट उसवते की काय या भीतीने मी बेताबेताने वाकलो. "हिंगाचा," मी म्हणालो. सिलेंडरच्या मागे त्यांनी हिंगाची डबी लपवून ठेवली होती. बाहेर येऊन काकांनी जाहीर केलं, "मुलगा चांगला आहे. नाक शाबूत आहे." बाकी माझ्यात काय चांगलं आहे याची चौकशी त्यांनी आजतागायत केलेली नाही. वरच्या मजल्यावरची जागा रिकामी झाली तेव्हा मालकाच्या मागे लागून ती आम्हाला मिळवून दिली तीही काकांनीच. माया असेलच, पण त्यात नाकाचा वाटा मोठा होता असा माझा दाट संशय आहे.

काकांचं शास्त्र ऐकायला सोपं आहे. आपला हा सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीवर पसरतो. म्हणून वास घ्यायचा तर उभ्याने नाही, वाकून घ्यायचा. सिलेंडर सरळ उभा हवा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. खिडकी उघडी. झोपताना आणि बाहेर पडताना रेग्युलेटर बंद. नवा सिलेंडर जोडला की साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा फुगतो का बघायचं. यात खोट काढण्यासारखं काही नाही. पण काका बुडबुड्याची वाट बघत चष्मा लावून मांडी ठोकून बसतात आणि तोवर गॅसवाल्यालाही बसवून ठेवतात. तो हल्ली त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी येतो. दुसऱ्याच्या घरी गेले तर काका बेल वाजवत नाहीत, कारण आत गॅस साचला असेल तर बेलची ठिणगीसुद्धा पुरते. ते दार बडवतात. आमच्या बिल्डिंगमध्ये दार बडवलं गेलं की आतून "पोलीस आले वाटतं" असं कुणी म्हणत नाही, "काका आले" म्हणतात.

एकदा आम्ही चौघं पनवेलहून रिक्षाने येत होतो आणि शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो. भूक लागलेली, समोर वड्याची गाडी, गरम घाणा निघत होता. मी रिक्षावाल्यासकट पाच वडापाव सांगतोय तोवर काका गाडीखाली डोकावले. सिलेंडर आडवा पडलेला.

"दादा, हा झोपलाय का?"

"संपत आलाय काका. आडवा केला की अजून थोडा निघतो."

"निघतो ना. पण वायू नाही निघत, पातळ गॅस निघतो. तो नळीतनं बर्नरला आला, तर वडे राहतील बाजूला, तूच तळला जाशील."

वडेवाला कढईवरून नजर न काढता म्हणाला, "तुम्ही एजन्सीचे काय?"

"नाही रे बाबा, गिऱ्हाईक आहे. मला पुढच्या वेळीपण तुझाच वडा खायचाय."

त्याने सिलेंडर उभा केला. जाळ मेला, तेल निवलं, आणि गाडीभोवतीची दहाबारा उपाशी माणसं आमच्याकडे अशी बघायला लागली की आम्ही निमूट रिक्षात जाऊन बसलो. मावशी म्हणाली, "यांच्याबरोबर बाहेर खायचं म्हणजे उपास."

तर ही मावशी म्हणजे काकांचं नाक. सकाळचा पहिला चहा काका करत, लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. पण शेगडी पेटवण्याआधी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते हाक मारायचे, "अगं, वास?" अंथरुणातनं दिलेलं उत्तर चालत नसे. तिने उठून यायचं, सिलेंडरशी वाकायचं आणि म्हणायचं, "नाही, या." मग काका आत जाणार. मावशी म्हणायची, "मला उठवायचंच आहे तर चहापण मीच टाकते की." काका म्हणायचे, "नाही. चहा माझा, नाक तुझं." तो चहा कसा व्हायचा ते विचारू नका. वास नाही म्हणून त्यांना चव अर्धीच कळते, ती भरून काढायला ते मूठभर आलं ठेचतात. पहिल्या घोटाला डोळ्यांतून पाणी येतं. मावशीला सर्दी झाली की मात्र त्या घरात जाळ नाही. काका थर्मास घेऊन आमच्या दारात हजर, आणि दार बडवणं चालू.

मावशी मागच्या वर्षी गेली. आजार थोड्या दिवसांचाच, पण गेली. जिन्यात तिच्या तेलाचा वास असायचा. खोबरेल, माका, जास्वंद, मेथ्या, असलं काय काय लोखंडी कढईत उकळून ती स्वतः तेल करायची, आणि ती खाली उतरून गेली की मागून येणाऱ्याला कळायचं, मावशी आत्ताच गेली. तो वास जिन्यातून हळूहळू ओसरला. आम्हाला ते जाणवायचं. काकांना तेवढंही नव्हतं.

त्यानंतर एका सकाळी मी भाजीला म्हणून खाली उतरत होतो, तर त्यांच्या दाराशी वास आला. हिंगाचा नाही. इतक्या वर्षांत काकांनी डोक्यात भरलेलं कुठं जाणार? बेलकडे गेलेला हात मी मागे घेतला आणि दार बडवलं. काकांनी उघडलं, हातात पेपर. मी आत घुसलो, शेगडीचं बटण बंद केलं, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या, दिव्याला-पंख्याला हात लावला नाही, आणि काकांना दंडाला धरून बाहेर जिन्यात आणून बसवलं. दूध उतू जाऊन जाळ विझला होता, गॅस तसाच वाहत होता.

काकांनी हातातल्या पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "मी बाहेरच्या खोलीतनं विचारलं होतं हो जावईबापू, 'वास?' म्हणून. सवयीनं. आतून कुणी हो म्हणालं नाही, म्हणून वाचत बसलो."

त्यांची मुलगी सुजाता ठाण्यात खोपटला राहते. ती तासाभरात आली, आधी बापाला मिठी मारून रडली आणि मग कडाडली. "बस झालं बाबा. शेगडी आजच्या आज बंद. इंडक्शन घ्या, नाहीतर माझ्याकडे चला." तिचं काय चुकलं? मी तिच्या जागी असतो तर सिलेंडर खांद्यावर घेऊनच खाली उतरलो असतो. काका गॅसच्या बाजूने एक शब्द बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "शेगडी गेली तर चहा गेला. सकाळी उठायचं ते त्याच्याचसाठी उठतो, बेटा."

मग तोडगा निघाला. सुजाताने गॅस हुंगणारं यंत्र आणलं. ते काकांनी स्वतः उभं राहून भिंतीवर खाली, जमिनीलगत लावून घेतलं. पहिल्याच रविवारी नातवाने डिओ मारला आणि यंत्राने अशी बोंब ठोकली की दोन मजले रिकामे झाले. काका खूश. "नाक चांगलं आहे," ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "पण हे फक्त हो म्हणतं. नाही म्हणत नाही." तेव्हापासून रोज सकाळी मी खाली जातो, सिलेंडरशी वाकतो आणि दारात उभ्या असलेल्या काकांना सांगतो, "नाही, या." पुढे तो आल्याचा काढा, म्हणजे चहा. बायको म्हणते, फुकटचा मिळतो म्हणून जाता. तिने एकदा पिऊन बघावा.

परवा मी वाकायला गेलो तर काका म्हणाले, "आधी हे बघा जरा." त्यांच्या हातात मावशीच्या तेलाची बाटली होती, तळाला थोडं तेल उरलेलं. "उतरला का हो वास?"

मी बूच काढलं. "नाही काका. आहे."

"कसा आहे?"

चाळीसेक वर्षं ही बाई त्यांच्या शेजारी होती आणि तिचा वास कसा ते त्यांना ठाऊकच नव्हतं. मी बाटली परत एकदा हुंगली. म्हणालो, "घरी कुणीतरी आहे असं वाटतं, तसा."

काकांनी मान डोलावली. "चांगला होता म्हणजे."

"चांगला होता काका."

त्यांनी बूच घट्ट बसवलं, गळत नाही ना ते बोट फिरवून बघितलं, आणि बाटली कपाटात ठेवली. सरळ उभी, उन्हापासून आत, शेगडीपासून लांब. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"वास?" त्यांनी विचारलं.

मी वाकलो. "नाही," म्हटलं, "या."